जुने टेलिफोन इंडेक्स जमवायचे तर: नव्या संग्राहकासाठी वाटाड्या

जुने फोन जमवणारे पुष्कळ भेटतात. फोनच्या शेजारी नावे-नंबर लिहून ठेवायला जी वस्तू असायची, म्हणजे टेलिफोन इंडेक्स, ती जमवणारे मात्र मोजकेच. पट्टी दाबली की टपकन झाकण उघडून हव्या त्या अक्षराचे पान समोर आणणारी पत्र्याची चपटी डबी, किंवा मूठ फिरवली की कार्डे भराभर उलटत जाणारे चाक. बहुतेक ठिकाणी ही वस्तू अजूनही ‘फोनबरोबर आलेले काहीतरी’ म्हणून पडून असते, त्यामुळे नव्या माणसाला इथे शिरायला भरपूर वाव आहे. आकार लहान, यंत्रणा नुसत्या डोळ्यांनी समजते, वीज लागत नाही आणि एका कपाटात बऱ्याच वस्तू मावतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे सल्ले तिच्यावर उभे आहेत. या वस्तूत पत्रा आणि स्प्रिंग यांच्यापेक्षा आतला कागद जास्त मोलाचा. नवखा माणूस चकाकी पाहून वस्तू घेतो, लिहिलेली पाने काढून टाकतो, पत्र्याला पॉलिश मारतो आणि मग त्याच्या हाती एक सुंदर रिकामी डबी उरते. पत्रा पुन्हा चमकवता येतो. कोणी वीस वर्षे खोडून-गिरवून भरलेली पाने पुन्हा मिळत नाहीत.

आधी प्रकार ओळखा

सगळ्यात जास्त आढळतो तो उघडझाप करणारा इंडेक्स. झाकणावर किंवा कडेला इंग्रजी अक्षरे ओळीने छापलेली असतात आणि त्यांच्यावरून सरकणारा एक काटा असतो. काटा अक्षरावर आणायचा, खालची पट्टी दाबायची, झाकण वर उडते आणि ते पान समोर येते. आतली करामत साधीच आहे. प्रत्येक पानाची पुढची कड वेगळ्या जागी कापलेली असते, म्हणजे पानांचा गठ्ठा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. काट्याला खालून एक छोटी आकडी असते. निवडलेल्या अक्षराच्या आधीची सगळी पाने त्या आकडीत अडकून झाकणासोबत वर जातात आणि उरलेली खाली राहतात. ही रचना नीट डोक्यात बसवा. वस्तू तपासताना तीच उपयोगी पडणार आहे.

अमेरिकेतल्या बेट्स कंपनीचा ‘लिस्ट फाइंडर’ हा या प्रकारातला सर्वांत ओळखीचा चेहरा: जड, गोलाईदार, रंगवलेला किंवा मुलामा दिलेला पत्रा. याच घाटणीचा ‘ऑटोडेक्स’ हा आर्नल्ड न्यूस्टॅटर यांच्या झेफिर अमेरिकन या कंपनीचा. हा माणूस ‘डेक्स’ या शेपटाच्या फारच प्रेमात होता. न सांडणारी दौत म्हणजे ‘स्विव्होडेक्स’, कागदाला भोके पाडणारे यंत्र म्हणजे ‘पंचोडेक्स’, लघुलेखिकेची वही गुडघ्यावर धरून ठेवणारा चिमटा म्हणजे ‘क्लिपोडेक्स’. दौत आणि चिमटा यांचा नंबरांशी काही संबंध नाही, पण इंडेक्स जमवणारा कधी ना कधी या भावंडांच्या मागे लागतोच.

दुसरा मोठा प्रकार चाकाचा. अभियंता हिल्डॉर नील्सन यांच्यासोबत न्यूस्टॅटर यांनी १९५६मध्ये ‘रोलोडेक्स’ तयार केला आणि १९५८मध्ये तो बाजारात आणला. त्याआधी ‘व्हीलडेक्स’ नावाचे चाक होतेच. त्यामुळे कोणी ‘जगातला पहिला कार्डांचा फिरता इंडेक्स’ म्हणून रोलोडेक्स विकत असेल तर मान डोलवा आणि जास्त पैसे देऊ नका. रोलोडेक्सच्या कार्डांना खालच्या कडेला दोन खाचा असतात. त्या खाचा चाकावरच्या कडांवर नुसत्या दाबून बसवायच्या. कार्ड काढायला आणि घालायला काही उघडावे लागत नाही, आणि ही वस्तू एवढी पसरली त्यामागे हे एक मोठे कारण आहे. वहीत माणूस बदलला की खाडाखोड करावी लागते, इथे फक्त कार्ड बदलायचे.

याशिवाय गुंडाळीचे इंडेक्स असतात. दोन रुळांमध्ये कागदाची लांब पट्टी ताणलेली आणि समोर एक खिडकी. बाजूची मूठ फिरवली की पट्टी पुढेमागे सरकते. हे दिसायला गोड, टिकायला वाईट. पट्टी कुठेतरी फाटलेली नसेल असा नमुना क्वचितच सापडतो. उभ्या खांबाच्या जुन्या फोनला किंवा डायलभोवती अडकवायच्या गोल तबकड्याही निघतात. त्यांवर पंधरा-वीस नंबरांपुरतीच जागा असते, आणि त्यातली बरीचशी दुकानांनी जाहिरातीसाठी फुकट वाटलेली.

शेवटचा प्रकार नंबर नुसता साठवत नाही, फिरवूनही देतो. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या जाळ्यासाठी वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९६०च्या दशकात कार्ड डायलर फोन बनवले. प्लॅस्टिकच्या कार्डावर आधीच आखलेली बारीक छिद्रे असत. हव्या त्या नंबराप्रमाणे ती टोकाने ढकलून पाडायची, कार्ड फोनच्या फटीत घालायचे, पट्टी दाबायची आणि फोन स्वतःच नंबर लावायचा. त्याच सुमाराला डासा या कंपनीचा ‘मॅजिकॉल’ चुंबकीय फितीवर शेकडो नंबर ठेवत असे. पुढे १९८०च्या दशकात कॅसिओ, शार्प वगैरेंच्या इलेक्ट्रॉनिक डायऱ्या आल्या. नवख्याने या शेवटच्या वळणावर सावकाश जावे. का ते पुढे येईल.

काय जमवायचे ते ठरवा, पण घाई करू नका

‘सगळेच जमवतो’ म्हणणाऱ्याचे कपाट भरते, संग्रह होत नाही. तरी पहिल्याच दिवशी ‘मी फक्त १९५०च्या दशकातले हिरव्या रंगाचे उघडझाप इंडेक्स घेणार’ असे ठरवण्यातही अर्थ नाही. अजून हातच फिरलेला नाही तर आवड कळणार कशी? आधी दोनतीन वेगवेगळ्या प्रकारांचे स्वस्त, सर्वसाधारण नमुने घ्या. काही दिवस ते खरोखर वापरा. वापरल्यावर कळते की काहींना झाकणाचा तो टपकन आवाजच हवा असतो, काहींना चाक, आणि काहींना या दोन्हींपेक्षा छापील जाहिरातींत रस असतो.

मग सूत्र धरा. एका कंपनीचे सगळे नमुने, एका देशाचे, एकाच यंत्रणेचे निरनिराळे अवतार, किंवा बँका-विमा कंपन्या-औषधवाले यांनी भेट म्हणून वाटलेले. मला विचाराल तर शेवटचे सूत्र सर्वांत रंगतदार. त्या वस्तूंवर देणाऱ्याचे नाव, पत्ता आणि नंबर छापलेला असतो, त्यामुळे काळ आणि ठिकाण शोधायला धागा मिळतो. शिवाय इतर संग्राहक जाहिरात छापलेले नमुने ‘डागी’ समजून सोडतात.

अक्षरांवरूनही सूत्र धरता येते. काट्याखालची अक्षरे नीट वाचा. ‘एम’नंतर ‘मॅक’चे वेगळे घर असेल तर वस्तू इंग्रजी बोलणाऱ्या बाजारासाठी, बहुधा अमेरिकेसाठी किंवा ब्रिटनसाठी. ‘एस’शेजारी ‘एससीएच’ आणि ‘एसटी’ अशी वेगळी घरे असतील तर ती जर्मन, कारण त्या अक्षरांनी सुरू होणारी आडनावे जर्मनमध्ये ढिगाने आहेत. ‘एन’वर लाटेसारखी रेघ दिसली तर स्पॅनिश. शेवटी टिंब किंवा वर्तुळ दिलेले ‘ए’ आणि ‘ओ’ असतील तर स्वीडनकडे बघा. शिक्का झिजला असेल, विकणाऱ्याला काही माहीत नसेल, तरी ही अक्षरे खोटे बोलत नाहीत.

हातात घेतल्यावर काय बघायचे

उघडझाप इंडेक्स मिळाला की बहुतेक जण काटा मधल्या कुठल्यातरी अक्षरावर ठेवून पट्टी दाबतात, झाकण उडाले की खूश होतात. तेवढ्याने काही कळत नाही. काटा आधी अगदी शेवटच्या अक्षरावर न्या. तिथे झाकणाला जवळजवळ सगळा गठ्ठा उचलावा लागतो. स्प्रिंग थकली असेल तर झाकण अर्ध्यावर अडखळते. मग काटा पहिल्या अक्षरावर आणा. इथे झाकण एकटेच वर यायला हवे. पाने सोबत आली तर आकडी वाकली आहे किंवा पानांच्या कडा दुमडल्या आहेत. या दोन टोकांवर चालणारी वस्तू मध्ये सहसा फसवत नाही, तरी एकदा प्रत्येक अक्षर लावून बघाच. एखादेच अक्षर चुकत असेल तर दोष त्या पानाचा, यंत्राचा नव्हे, आणि तो घरी दुरुस्त होतो.

झाकण बंद होताना अडते का तेही पाहा. बरेचदा कारण क्षुल्लक असते: मालकाने आत चिठ्ठ्या, तिकिटे, व्हिजिटिंग कार्डे कोंबलेली असतात. जोर लावून दाबू नका. आकडी पातळ पत्र्याची असते आणि तिचा सुटा भाग मिळत नाही.

पाने मोजायला विसरू नका. प्रत्येक अक्षराचे पान आहे का? सर्वांत जास्त वापरलेली पाने आधी फाटतात आणि आधी हरवतात. एखादे पान नसेल तर त्या अक्षरावर पुढचे पान उघडेल, आणि विकणारा शपथेवर सांगेल की यंत्र ठणठणीत आहे. एका अर्थी खरेच सांगत असतो.

चाकाच्या इंडेक्सची तपासणी निराळी. दोन्ही बाजूंच्या मुठी फिरवून बघा. चाक सोडले की जागेवर थांबले पाहिजे. कार्डांच्या वजनाने आपोआप घरंगळत असेल तर आतली पकड झिजली आहे. कार्डे बसतात त्या कडा वाकल्या असतील तर बोटाला लगेच कळते. कार्डांच्या खाचा फाटलेल्या असणे नेहमीचेच, त्याने घाबरू नका. झाकण आणि कुलूप असलेल्या नमुन्यात किल्ली आहे का ते विचारा. कुलूप अगदी साधे असते, पण मूळ किल्ली नसेल तर वस्तूची किंमत उतरते आणि ती परत चढत नाही.

कार्डांचे माप लिहून ठेवा. रोलोडेक्सची सर्रास आढळणारी मापे तीन: पावणेदोन बाय सव्वातीन इंच, सव्वादोन बाय चार इंच आणि तीन बाय पाच इंच. मधल्या मापाची कोरी कार्डे मिळणे सर्वांत सोपे. चाक एका मापाचे आणि कार्डे दुसऱ्याची, असली जोडगोळी विक्रीला भरपूर असते.

फोटो पाहून लांबून घेत असाल तर तीन फोटो मागा: तळाचा, झाकण उघडे असतानाचा आणि काटा शेवटच्या अक्षरावर असतानाचा. तळाचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर बहुधा गंज असतो, नाहीतर रबरी पाय वितळून काळे डांबर झालेले असतात.

वय कसे काढायचे

इथेच या छंदाची खरी मजा आहे. इंडेक्सवर निर्मितीचे साल क्वचितच छापलेले असते. पण ही वस्तूच पत्ते आणि नंबर यांच्यासाठी जन्मलेली, त्यामुळे ती काळाच्या खुणा अंगावर घेऊन फिरते.

तळावर पेटंट क्रमांक असेल तर तिथून सुरुवात करा. अमेरिकी पेटंटांचा दहा लाखावा क्रमांक १९११मध्ये, वीस लाखावा १९३५मध्ये, तीस लाखावा १९६१मध्ये आणि चाळीस लाखावा १९७६मध्ये दिला गेला. म्हणजे क्रमांक २३ लाखांच्या घरात असेल तर वस्तू १९३५पूर्वीची असू शकत नाही. लक्षात घ्या, पेटंटवरून फक्त जुन्यात जुनी मर्यादा कळते. ‘याच्या आधीची नाही’ एवढेच ते सांगते. एकच साचा कंपन्या वर्षानुवर्षे वापरत. क्रमांकाआधी ‘डी’ असेल तर ते नक्षीचे पेटंट. त्याची मालिका वेगळी, वरचा हिशोब त्याला लावू नका.

मग पत्ता बघा. अमेरिकी शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर छपाई १९४३नंतरची. पाच आकडी झिप कोड असेल तर १ जुलै १९६३नंतरची. जर्मन पत्त्यात पाच आकडी पिन म्हणजे १ जुलै १९९३ किंवा नंतरचा काळ. त्याआधी चार आकडे असत. ‘पश्चिम जर्मनीत बनवलेले’ असा शिक्का १९९०च्या एकत्रीकरणापर्यंतचा. ‘ऑक्युपाइड जपान’ असे लिहिलेले सापडले तर अमेरिकी ताब्याचा काळ, जो १९५२मध्ये संपला.

नंबर तर आणखी बोलके. अमेरिकेत पूर्वी नंबराच्या सुरुवातीला एक्स्चेंजच्या नावाची दोन अक्षरे असत आणि पुढे पाच आकडे. लंडनमध्ये तीन अक्षरे आणि चार आकडे. स्कॉटलंड यार्डचा ‘व्हाइटहॉल १२१२’ हा नंबर त्याच पद्धतीचा. ब्रिटनमध्ये अक्षरांऐवजी सगळे आकडेच ठेवायला १९६६पासून सुरुवात झाली. अमेरिकेत हा बदल १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू होऊन बरीच वर्षे रेंगाळला, म्हणून तिथल्या अक्षरांवरून अगदी नेमके साल काढायला जाऊ नका. आपत्कालीन नंबरांचेही तसेच: लंडनमध्ये ९९९ सेवा १९३७मध्ये सुरू झाली, तर अमेरिकेतला ९११वरचा पहिला कॉल फेब्रुवारी १९६८मधला. आतल्या पानावर ‘पोलीस, आग, डॉक्टर’ यांच्यासाठी तीन कोऱ्या रेघा असतील तर बनवणाऱ्याने एकच नंबर असेल असे गृहीत धरलेले नव्हते.

कोऱ्या पानांवर छापलेले रकानेही वाचावेत. टेलेक्सचा (तारेवरून टंकलिखित संदेश पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) रकाना आणि फॅक्सचा रकाना यांत काळाचे अंतर आहे. फॅक्स असेल तर बहुधा १९८०नंतरचे दशक, ई-मेल असेल तर १९९०नंतरचे. मोबाइलचा रकाना असलेला, पण रूप १९५०चे असा इंडेक्स दिसला तर तो जुन्या थाटाचा नवा माल आहे. असा माल वाईट नसतो. फक्त जुन्या भावात घेऊ नये. मूळ खोका असेल आणि त्यावर बारकोड असेल तर तो १९७४च्या आधीचा नाही; दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो त्या वर्षीच्या जूनमध्ये.

एखाद्या खुणेवर विसंबू नका. पेटंट १९४०चे, पत्ता १९६३नंतरचा आणि मालकाने लिहिलेले नंबर अक्षरांचे असे एकत्र दिसले तर गोंधळू नका. सगळ्यांत अलीकडची छापील खूण ही वस्तूच्या जन्माची, आणि जुन्या पद्धतीचा नंबर ही मालकाच्या सवयीची. लोक नव्या इंडेक्समध्ये जुन्याच पद्धतीने नंबर लिहीत राहतात.

लिहिलेल्या पानांचे काय करायचे

सुरुवातीला म्हटले तसे, भरलेला इंडेक्स मला कोऱ्यापेक्षा कधीही जास्त आवडतो. एकाच माणसाचा नंबर तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेला असतो आणि शाई प्रत्येक वेळी वेगळी असते. काही जण आडनावाने लिहितात, काही कामाने. म्हणजे नळदुरुस्तीवाला आडनावाच्या अक्षरात नसतो, ‘पी’मध्ये प्लंबर म्हणून असतो, आणि शेवटी त्याचे नावच कळत नाही. ही मांडणी त्या घराचे किंवा कचेरीचे दैनंदिन जगणे दाखवते.

पण ही खऱ्या माणसांची खाजगी माहिती आहे, आणि त्यातली काही माणसे हयात असू शकतात. नंबर जुना असला तरी पुढे तोच दुसऱ्या कुणाला दिलेला असू शकतो. म्हणून लिहिलेल्या पानांचे फोटो नावे-नंबर झाकल्याशिवाय कुठेही टाकू नका. गंमत म्हणून नंबर फिरवून बघू नका. डॉक्टर, वकील, समुपदेशक यांच्या टेबलावरची कार्डे असतील तर आणखी जपा. तिथे नुसते नाव असणेसुद्धा एखाद्याबद्दल काही सांगून जाते. अशी कार्डे मी मूळ क्रमाने वेगळ्या बंद पाकिटात ठेवावीत आणि प्रदर्शनात चाकावर कोरी कार्डे लावावीत या मताचा आहे. काहींना वाटते की फाडून टाकलेलीच बरी. त्या मताचा आदर आहे, पण मी फाडणार नाही. मूळ कुटुंबाने कधी मागितली तर मात्र परत द्यायची, त्यात घासाघीस नाही.

साफसफाई: जितकी कमी तितकी बरी

काही करण्याआधी पानांचा किंवा कार्डांचा क्रम जसा आहे तसा फोटो काढून ठेवा आणि कागद बाहेर काढा. कागद आत असताना पाणी, तेल, पॉलिश यातले काहीही वापरायचे नाही. बिजागरीवर तेलाचा फवारा मारणे हा सर्वांत जास्त होणारा अपघात. तेल पानांच्या कडांमधून वर चढते आणि तो डाग कायमचा. बिजागरी कुरकुरत असेल तर सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, तोही कागद बाहेर असताना, आणि नंतर जादाचे तेल कापसाने टिपून घ्यायचे.

रंगवलेला पत्रा मऊ कापड किंचित ओले करून पुसा, लगेच कोरडा करा. क्रोमच्या मुलाम्यावर गंजाचे बारीक ठिपके असतील तर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने सहसा ओरखडे पडत नाहीत, तरी आधी तळाच्या कोपऱ्यावर करून बघा. निकेलचा मुलामा किंवा रंग असेल तिथे हा उपाय नको. अक्षरे रंगाने छापलेली असतील तर त्यांना स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव यांतले काहीही लावू नका. अक्षरे गेली की इंडेक्स संपला.

बेकेलाइटचे (जुन्या कडक प्लॅस्टिकचे) भाग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसले तरी पुरते. ते तपकिरी पडलेले असतील तर ती बहुधा घाण नसते, वरचा थर काळानुसार बदललेला असतो. खरवडायला जाऊ नका. पिवळट पडलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकला ब्लीच करून उजळवण्याच्या कृती फिरत असतात. माझे मत विचाराल तर पिवळेपणा राहू द्या. उजळलेले प्लॅस्टिक पुन्हा पिवळे होऊ शकते आणि ठिसूळ झाले तर तुटते.

कागदावर फक्त मऊ ब्रश. चिकटपट्टी ओढून काढू नका. वितळलेला रबरबँड पूर्ण वाळू द्या, मग पातळ पात्याने कण सोडवा. लोखंडी टाचण्या आणि स्टेपल गंजले असतील तर सावकाश काढा, कारण गंज कागद खातो. पीव्हीसीच्या पारदर्शक कप्प्यांत अडकलेली पाने शाईसकट चिकटलेली असू शकतात. निघत नसतील तर तशीच ठेवलेली बरी.

नवी आलेली वस्तू काही आठवडे बंद पिशवीत वेगळी ठेवा. कसर असेल तर तळाशी भुगा दिसतो, आणि तो तुमच्या बाकीच्या कपाटात जाण्याआधी दिसलेला चांगला. वस्तूला आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती कायम वेगळीच ठेवा. विशिष्ट जुने प्लॅस्टिक विघटित होऊ लागले की असा वास येतो आणि शेजारच्या धातूलाही त्रास होतो.

वीज लागणारी यंत्रे

कार्ड डायलर किंवा फितीवाला डायलर मिळाला की तो लगेच भिंतीतल्या प्लगला लावायचा मोह होतो. लावू नका. व्होल्टेज कोणत्या देशाचे आहे ते आधी तळाच्या पट्टीवर वाचा, वायरचे आवरण तडकले आहे का पाहा, आणि आत डोकावायचे काम जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकाराला द्या. बंद यंत्रातले कपॅसिटरही विद्युतभार धरून ठेवू शकतात. शिवाय जुना डायलर विद्युतप्रवाहाच्या तालबद्ध तोडजोडीने नंबर पाठवतो, आणि आजच्या बऱ्याच टेलिफोन जोडण्या ती भाषा ओळखत नाहीत. चालू झाला तरी फोन लागेलच असे नाही. म्हणून अशी वस्तू घेताना कार्डे किती आहेत आणि त्यांवर छिद्रे पाडलेली आहेत की कोरी आहेत, इकडे जास्त लक्ष द्या.

इलेक्ट्रॉनिक डायऱ्यांत पहिले काम म्हणजे बॅटरीचे झाकण उघडणे. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर बॅटरी गळली आहे. आत नंबर साठवलेले असतील आणि ते टिकवायचे असतील तर मुख्य आणि राखीव बॅटरी एकदम काढू नका. एक जागेवर असताना दुसरी बदला. दोन्ही निघाल्या की स्मृती पुसली जाते.

नोंद, ठेवण आणि देवाणघेवाण

प्रत्येक वस्तूची नोंद ती घरी आली त्याच दिवशी करा. कुठून मिळाली, मोजमाप, तळावरचे सगळे शिक्के जसेच्या तसे, पाने किती, कोणते पान नाही, आणि वयाचा अंदाज कोणत्या खुणांवरून बांधला ते. शेवटचे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढे नवी माहिती हाती आली की नुसते ‘१९५०चे दशक’ लिहिलेले असेल तर ते कशावरून लिहिले हेच आठवत नाही. या नोंदी चाकाच्या इंडेक्सवर ठेवणारे संग्राहक आहेत. वस्तू कामाला लागते आणि नवी नोंद कुठे घालायची हा प्रश्नच उरत नाही.

ऊन आणि दमट हवा टाळा. उघडझाप इंडेक्स आडवेच ठेवा आणि एकावर एक रचू नका. वरच्याचे वजन खालच्याच्या पट्टीवर येते आणि झाकण दाबलेल्या स्थितीत स्प्रिंग महिनोन्महिने ताणलेली राहते. चाके कार्डांनी गच्च भरून ठेवू नयेत. चारपाच कार्डे काढून घेतली तर बाकीच्यांच्या खाचा वाचतात.

दुबार नमुने साचू लागले की अदलाबदल सुरू होते, आणि मग पार्सल करावे लागते. उघडझाप इंडेक्स पाठवताना काटा पहिल्या अक्षरावर ठेवा. वाटेत धक्क्याने झाकण उडाले तरी ते एकटेच उडेल, पाने खाली शाबूत राहतील. झाकणाला चिकटपट्टी लावू नका, रबरबँडही नको. कागदाची रुंद पट्टी भोवती गुंडाळून तिची दोन टोके कागदालाच चिकटवा. काट्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची छोटी उशी द्या. चाकाची कार्डे काढून वेगळी बांधा आणि त्यांचा क्रम वरच्या कार्डावर लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.